समस्या निवारण: अभ्यासाला लावलेल्या वाद्यसंगीताकडेच लक्ष जातं

गाण्यातल्या शब्दांनी लक्ष विचलित होतं, म्हणून वाद्यसंगीत लावलं. पहिली दहा-पंधरा मिनिटं छान गेली. मग कधीतरी ध्यानात येतं की डोळे ओळींवरून फिरताहेत, पण मन बासरीच्या मागे गेलंय. दुसरी प्लेलिस्ट शोधली, दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी परत तेच.

अशा वेळी बहुतेक जण संगीताचा प्रकार बदलत राहतात. पियानो सोडून गिटार, गिटार सोडून लो-फाय (संथ, तोच तोच ठेका असलेलं आधुनिक संगीत), तिथून पावसाचा आवाज. दोष मात्र प्रकारात क्वचितच असतो. एकसारख्या आवाजाकडे दुर्लक्ष करायला मेंदू लवकर शिकतो, पण बदलणारा आवाज लक्ष खेचून घेतो, आपली इच्छा असो वा नसो. पंखा तासभर फिरत असतो तेव्हा तो ऐकूही येत नाही. बंद पडला की त्याच क्षणी कळतं. म्हणून अभ्यासाचं संगीत निवडताना आधी हे बघायचं: यात बदल किती होतात, आणि ते किती अचानक होतात? खालचे जवळपास सगळे उपाय याच प्रश्नातून निघाले आहेत.

आधी खात्री करून घ्या

संगीत खरंच आड येतंय का, हे अंदाजाने ठरवू नका. एकाच पुस्तकातले साधारण सारख्याच अवघड असलेले दोन भाग घ्या. एक भाग १० मिनिटं शांततेत वाचा, दुसरा १० मिनिटं संगीत लावून. एखादी ओळ पुन्हा वाचावी लागली की समासात पेन्सिलीने एक टिंब द्या. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करा, म्हणजे आधी संगीत, मग शांतता. असं चार दिवस करून टिंबं मोजा.

दोन्हीकडे टिंबं सारखीच असतील तर संगीताला दोष देऊन उपयोग नाही. अपुरी झोप, शेजारी ठेवलेला फोन किंवा पाया कच्चा राहिलेला विषय, यांकडे बघा. संगीतासोबत टिंबं कमी आली तर आजूबाजूला त्रासदायक आवाज आहेत आणि संगीत ते झाकतंय. तसं असेल तर चाललंय तेच चालू द्या. संगीतासोबत टिंबं वाढली असतील तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

पाठांतराला संगीत लावू नका

सूत्रं, व्याख्या, परकीय भाषेतले शब्द, सनावळ्या, क्रमाने लक्षात ठेवायच्या याद्या, हे सगळं आपण मनातल्या मनात उच्चारून पक्कं करतो. मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली मांडलेल्या कार्यस्मृतीच्या (माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या स्मृतीच्या) प्रारूपात अशा उच्चारांसाठी वेगळा कप्पा मानला आहे. बाहेरचा आवाज नेमका तिथेच घुसतो. गायनाचा अडथळा सर्वांत जास्त, वाद्यसंगीताचा त्याहून कमी आणि एकसुरी गोंगाटाचा फारच थोडा. त्यामुळे वाद्यसंगीत गाण्यांपेक्षा बरं असलं, तरी पाठांतराला शांतताच हवी. इथे प्लेलिस्ट बदलत बसणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

आकृत्या काढणं, टिपणं सुवाच्य उतरवणं, सरावाची तीच ती गणितं सोडवणं, या कामांना संगीत चालतं, ठेका असलेलंही चालतं. नवीन धडा समजून घेताना मात्र ठेका नसलेलं, अगदी संथ काहीतरी लावा. निबंध किंवा दीर्घ उत्तर लिहिताना आधी शांततेत मुद्दे काढून घ्या आणि संगीत त्यानंतर सुरू करा.

बदल कुठे कुठे दडलेला असतो

सर्वांत मोठा सापळा म्हणजे ओळखीची चाल. लोकप्रिय गाण्यांच्या बासरीवर किंवा पियानोवर वाजवलेल्या आवृत्त्या 'वाद्यसंगीत' म्हणून सर्रास लावल्या जातात. त्यात शब्द नसतात, पण ते आपल्याला पाठ असतात. धून सुरू झाली की मुखडा मनात आपोआप म्हटला जातो, आणि शब्द टाळण्यासाठी केलेला सगळा खटाटोप फुकट जातो. पारख सोपी आहे: तुकडा ऐकताना पुढची ओळ गुणगुणता आली, तर तो यादीतून काढा. अभ्यास संपल्यावरही तीच चाल डोक्यात घोळत राहत असेल तर तिचं कारणही बहुधा हेच असतं.

दुसरी गोष्ट, एकाच ध्वनिमुद्रणात वेगवेगळ्या स्वभावाचे भाग असतात. सतारीचं ५० मिनिटांचं वादन घ्या. सुरुवातीला आलाप असतो. तालवाद्य नाही, सूर सावकाश उलगडताहेत, दोन स्वरांमध्ये मोकळी जागा आहे. वाचन इथे छान चालतं. मग जोड सुरू होतो. तबला अजून आलेला नसतो, पण तारांमध्ये लय जाणवू लागते आणि टेबलाखाली पाय हलायला लागतो. पुढे 'झाला' हा वेगवान भाग येतो, त्यात चिकारीच्या (बाजूच्या, उंच सुराच्या) तारा भराभर छेडल्या जातात. त्यानंतर क्षणभर शांतता, आणि तबल्याची पहिली थाप. त्या थापेला मान वर झाली नाही असं सहसा होत नाही. पुढे गत (तालात बांधलेली रचना) सुरू झाली की मन समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघू लागतं. तिहाई (तीनदा वाजवला जाणारा तुकडा) आली की ती समेवर कशी येते याचा हिशोब आतल्या आत सुरू होतो, आणि वहीतली बेरीज अर्धवट राहते.

यात वादकाची काही चूक नाही. ते वादन मन लावून ऐकण्यासाठीच केलेलं असतं. अभ्यासासाठी त्यातला फक्त आलाप घ्या. सरोद, सूरबहार, रुद्रवीणा यांचे आलाप खालच्या सप्तकात बराच वेळ रेंगाळतात, म्हणून ते जास्त सोयीचे. बासरी, सनई आणि व्हायोलिन तार सप्तकात गेले की कानात टोचतात. माणसाचा कान साधारण २ ते ५ किलोहर्ट्झ या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि या वाद्यांच्या वरच्या स्वरांतली बरीच ऊर्जा तिथेच असते.

तुम्ही स्वतः एखादं वाद्य शिकत असाल तर ते वाद्य अभ्यासाच्या यादीत ठेवू नका. सराव झालेला कान राग ओळखतो, बोटांची जागा ओळखतो, चूकही पकडतो. सतार शिकणाऱ्याला पियानो आणि पियानो शिकणाऱ्याला सरोद, अशी अदलाबदल चांगली लागू पडते.

तिसरी गोष्ट म्हणजे एकाच तुकड्यातला आवाजाचा चढउतार. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या रचनांमध्ये अगदी हळू आणि दणदणीत भागांतला फरक मोठा असतो. हळू भाग ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवायचा आणि पुढच्याच मिनिटाला दचकायचं, असं होत राहतं. हे कानांआधी डोळ्यांनी पकडता येतं. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि फाइल त्यात उघडा. आवाजाची आकृती आडव्या पट्टीसारखी दिसते. पट्टी सुरुवातीपासून शेवटपर्यंत साधारण एकाच जाडीची असेल तर तुकडा कामाचा. कुठे दोऱ्यासारखी बारीक आणि कुठे माशाच्या पोटासारखी फुगलेली दिसली, तर तो तुकडा संध्याकाळी निवांत ऐकायला ठेवा. एकल वाद्य, म्हणजे नुसता पियानो किंवा नुसतं गिटार, बहुधा या परीक्षेत उत्तीर्ण होतं.

चौथी, वाद्यसंगीताच्या नावाखाली आलेले माणसांचे आवाज. लो-फायच्या तुकड्यांत चित्रपटातले संवाद, कुजबुज किंवा गायनाचे चिरलेले अंश बऱ्याचदा पेरलेले असतात. मैफिलीच्या ध्वनिमुद्रणात टाळ्या, दाद आणि वादकाचे दोन शब्द येतात. शीर्षकावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक तुकड्यात दर ३० सेकंदांनी बोट पुढे सरकवत ऐका. चार मिनिटांच्या तुकड्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागत नाही. शेवटची २० सेकंदं मात्र पूर्ण ऐका, कारण टाळ्या तिथेच असतात.

पाचवी गोष्ट तुकड्यांमधल्या सांध्यांची. तीन-तीन मिनिटांचे तुकडे लावले तर तासात वीस वेळा काहीतरी संपतं आणि नवं सुरू होतं. प्रत्येक सुरुवात कानाला बातमी असते. १० मिनिटांपेक्षा मोठे तुकडे निवडा. ॲपमध्ये क्रॉसफेड (एक तुकडा विरत असतानाच पुढचा सुरू होण्याची सोय) असेल तर तो ८ ते १२ सेकंदांवर ठेवा, म्हणजे सांधा कमी जाणवतो. शफल बंद. यादी संपल्यावर ॲप आपल्या मनाने पुढचं काहीतरी लावतं, ते ऑटोप्लेही बंद.

आवाजाची पातळी समान ठेवणारी नॉर्मलायझेशनची सोय चालू केली तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. स्पॉटिफायवर नेहमीच्या सेटिंगमध्ये ही पातळी उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं एकक) धरलेली असते, आणि ती दोन तुकड्यांमधला फरक कमी करते. एकाच तुकड्याच्या आतला चढउतार तसाच राहतो. त्यामुळे नॉर्मलायझेशन लावूनही दचकायला होत असेल तर दोष तुकड्यात आहे, सेटिंगमध्ये नाही.

लागू पडणारा सर्वांत साधा उपाय: तानपुरा

इतकं निवडत बसायचं नसेल तर नुसता तानपुरा लावा. त्याला चाल नाही, ठेका नाही, शेवट नाही, आणि तरी तो पंख्याच्या घरघरीसारखा कोरडाही नाही. तानपुऱ्याची कितीतरी मोफत ॲप आहेत. पट्टी खालची निवडा, काळी एक किंवा त्याच्याही खाली. वरच्या पट्टीत जवारीची (तारा घोडीला घासून उमटणारी) झणझण जास्त जाणवते. जुळणी पंचमाची ठेवा (प सा सा सा). मध्यमाची किंवा निषादाची जुळणी रागाचा रंग घेऊन येते आणि कान तिकडे वळतो. छेडण्याची लय ॲपमधली सर्वांत मंद. स्वरमंडळ, तबला, मंजिरा यांची बटणं बंद.

झणझण तरीही खुपत असेल तर इक्वलायझरमध्ये ३ किलोहर्ट्झच्या आसपास ३ ते ४ डेसिबल कमी करा. हीच युक्ती पियानोच्या टणक ध्वनिमुद्रणालाही चालते.

पहिल्या दिवशी तानपुरा रटाळ वाटेल. तो तसाच वाटायला हवा. पाचव्या मिनिटाला 'चालू आहे की बंद पडला' असा प्रश्न पडला, तर तो नेमकं काम करतोय.

स्वतःची ५० मिनिटांची फाइल बनवा

आवडता आलाप किंवा संथ पियानो फाइलच्या रूपात तुमच्याकडे असेल तर ही मेहनत एकदाच करायची आहे. नुसतं 'रिपीट' दाबून भागत नाही. एमपी३ करताना फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी रिकामी जागा येते आणि बऱ्याच प्लेअरमध्ये प्रत्येक फेरीला बारीकसा झटका बसतो. तासात दहा फेऱ्या म्हणजे दहा झटके.

१. ऑडॅसिटीत फाइल उघडा. टाळ्या, बोलणं आणि ठेका सुरू होतो तिथून पुढचा भाग कापून टाका.

२. कॉम्प्रेसर लावा: थ्रेशोल्ड उणे २४ डेसिबल, रेशो ३:१. मोठे भाग खाली येतात. रेशो ६:१ किंवा त्याहून वर नेऊ नका. वाद्याचा आवाज फुगल्या-आटल्यासारखा वाटू लागतो आणि तो नवाच त्रास होतो.

३. लो-पास फिल्टर ५००० हर्ट्झवर, उतार ६ डेसिबल प्रति सप्तक. यामुळे तारांची चरचर आणि टोकदारपणा सौम्य होतो.

४. प्रत वरच्या आणि खालच्या ट्रॅकवर आलटून पालटून ठेवत ५० मिनिटं भरा. प्रत्येक सांध्यावर दोन प्रती ५ ते ८ सेकंद एकमेकींवर येऊ द्या आणि त्या भागावर 'क्रॉसफेड ट्रॅक्स' लावा.

५. सगळं एकत्र मिसळून 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' उणे २३ एलयूएफएसवर करा. हे कॉम्प्रेसरच्या आधी केलं तर पातळी पुन्हा हलते, म्हणून क्रम बदलू नका.

६. सुरुवातीला २० सेकंदांचं फेड-इन, शेवटी ३० सेकंदांचं फेड-आउट. फ्लॅक किंवा ऑगमध्ये साठवा.

शेवटचं फेड-आउट खूप उपयोगी पडतं. संगीत विरून गेलं की ५० मिनिटं झाली, उठायची वेळ झाली. वेगळा गजर लावायला नको आणि घड्याळ बघण्यासाठी फोन हातात घ्यायला नको.

आवाज किती ठेवायचा

फोनच्या पट्टीवरचे टक्के सांगण्यात अर्थ नाही. तीच पातळी एका हेडफोनवर हळू आणि दुसऱ्यावर मोठी लागते. खूण अशी: वहीचं पान उलटल्याचा आवाज संगीतातूनही ऐकू आला पाहिजे. तो ऐकू येत नसेल तर आवाज कमी करा. शक्य असेल तर हेडफोनऐवजी खोलीच्या दुसऱ्या टोकाला लहान स्पीकर ठेवा. दुरून, भिंतीवरून येणारा आवाज मऊ होतो आणि डोक्याच्या आत वाजल्यासारखा वाटत नाही.

हेडफोन रोज तासन्‌तास वापरत असाल तर जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लक्षात ठेवा: प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, मुलांसाठी ७५ डेसिबलला तेवढेच. दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे ८३ डेसिबलला २० तासच. अभ्यासानंतर कानात गुणगुण किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर काही दिवस हेडफोन पूर्ण बंद. तरीही तो थांबला नाही तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

इतर नेहमीच्या तक्रारी

शेजारचं बोलणं ऐकू येतं म्हणून संगीताचा आवाज वाढवत गेलो. बोलणं संगीताने नीट झाकलं जात नाही, कारण संगीतात फटी असतात आणि शब्द त्यांतून आत येतात. इथे पिंक नॉइज (धबधब्यासारखा सलग, एकसुरी आवाज) वापरा. व्हाइट नॉइज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कर्कश वाटतो. पिंकमध्ये दर सप्तकाला ऊर्जा ३ डेसिबलने उतरते, ब्राउनमध्ये ६ डेसिबलने. ब्राउन कानाला सर्वांत मऊ, पण बोलण्यातल्या व्यंजनांवर तो कमी पडतो. पिंकवर हळू तानपुरा असा मेळ उत्तम. आवाज रोधणारे हेडफोन इंजिनासारखी खालची, सलग घरघर चांगली कापतात. बोलणं मात्र त्यातूनही बरंचसं येतं, म्हणून नुसत्या त्यांवर विसंबू नका.

झोप येते. ब्राउन नॉइज आणि फार मंद लय दुपारी टाळा. संगीत चालू असताना १५ सेकंदांत टेबलावर किती टिचक्या पडतात ते मोजून चारने गुणा. वाचनाला ६० ते ८० ठीक, पेंग येत असेल तर ९० ते १०० करून बघा. त्यानेही फरक पडला नाही तर २० मिनिटं झोपा. जागरणावर संगीत हा इलाज नव्हे.

यादी शोधण्यातच अर्धा तास जातो. आठवड्याला एकच यादी, ती सुट्टीच्या दिवशी ठरवायची, आणि डाउनलोड करून फोन विमान मोडवर ठेवायचा. जाहिराती आणि सूचनांचा प्रश्नही त्यानेच मिटतो. अभ्यासाच्या मध्ये यादी बदलायची नाही. अगदीच असह्य झालं तर संगीत बंद करा, पण नवीन शोधू नका.

मोझार्ट ऐकल्याने बुद्धी वाढते असं वाचलं होतं, फरक पडला नाही. मूळ प्रयोग १९९३ साली 'नेचर'मध्ये आला होता. त्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी चाचणीच्या आधी दहा मिनिटं संगीत ऐकलं होतं, चाचणी आकार आणि अवकाशाच्या जाणिवेची होती, आणि परिणाम पंधरा मिनिटांच्या आत ओसरला. अभ्यास करताना मागे संगीत वाजवण्याशी त्याचा संबंध नव्हता.

बायनॉरल किंवा ४३२ हर्ट्झच्या संगीताने एकाग्रता वाढते असं ऐकलं. बायनॉरलमध्ये दोन कानांना किंचित वेगळे सूर देतात, उदाहरणार्थ २०० आणि २१० हर्ट्झ, आणि १० हर्ट्झची थरथर जाणवते. स्टीरिओ हेडफोनशिवाय तो परिणाम मिळत नाही. एकसुरी आवाज म्हणून वापरायला हरकत नाही, एकाग्रतेच्या हमीवर मात्र पैसे घालू नका. ४३२ हर्ट्झ ही नुसती जुळणीची पट्टी आहे, प्रचलित ४४० पेक्षा किंचित खाली. त्याने चाल बदलत नाही, म्हणून विचलन कमी होण्याचंही कारण नाही.

आता संगीताशिवाय वाचताच येत नाही. ही सवय गंभीरपणे घ्या, कारण परीक्षेच्या खोलीत संगीत नसतं. ज्या परिस्थितीत शिकलो त्याच परिस्थितीत जास्त आठवतं, हे १९७५ साली पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हर्सवर झालेल्या प्रयोगात दिसलं होतं: पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखाली जास्त आठवले, किनाऱ्यावर पाठ केलेले किनाऱ्यावर. सवय एकदम तोडू नका. पहिल्या आठवड्यात ५० पैकी शेवटची १० मिनिटं शांत ठेवा, दुसऱ्या आठवड्यात २०, तिसऱ्यात ३०. तुमच्याच फाइलमधलं फेड-आउट तेवढं अलीकडे सरकवलं की झालं. परीक्षेच्या आधीचे दोन आठवडे उजळणी आणि सराव प्रश्नपत्रिका पूर्ण शांततेत, बसण्याची वेळही परीक्षेचीच. त्या दिवसांत संगीत हवंच असेल तर ते दोन सत्रांच्या मधल्या सुट्टीत ऐका, आणि तेव्हा झालाही ऐका, तबलाही.